दिवाळं निघालं हो!

आमच्या मिरजगावच्या आठवडी बाजारात एक टेम्पो यायचा. मागचं फळकं खाली सोडलेलं, आत शर्ट, टी-शर्ट, लेंगे आणि लहान मुलांच्या चड्ड्या यांचा एकच ढीग, आणि टपावर कर्णा. केव्हातरी एकदाच भरून ठेवलेला आवाज त्यातून दिवसभर वाजत राही. "दिवाळं निघालं, दिवाळं निघालं! कंपनीचं दिवाळं निघालं! मालक बुडाला, माल काढला! कोणताही पीस दोनशे, दोनशे, दोनशे!" नगर-सोलापूर रस्ता आमच्या गावातूनच जातो, त्यामुळे मोठ्या आवाजाची गावाला सवय आहे. तरी हा आवाज ट्रकच्या हॉर्नना मागे टाकून थेट आमच्या ओट्यापर्यंत यायचा.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला त्या कंपनीबद्दल वाईट वाटलं. मालक बुडाला म्हणजे त्याची बायकापोरं असतील, दारात देणेकरी बसले असतील, असं काहीबाही मनात आलं आणि त्या कणवेपोटी मी निळ्या चौकड्यांचा एक शर्ट घेतला. पुढच्या आठवड्यात कंपनीचं दिवाळं पुन्हा निघालं. त्याच्या पुढच्या आठवड्यातही. अशी चार वर्षं गेली. इतक्या नेमानं दिवाळं काढणारी कंपनी चांगलीच भरभराटीला आलेली असणार, असं माझं मत होत गेलं. शेवटी एकदा त्या पोराला विचारलंच, "का रे, कुठली ही कंपनी?"

तो घडी घालता घालता म्हणाला, "सर, बुडालेल्याचं नाव घेऊ नये."

हायस्कुलात पस्तीस वर्षं मराठी शिकवलं, पण इतका सभ्य नियम मला कुठल्या व्याकरणात सापडला नव्हता.

तेव्हापासून हा शब्द डोक्यात जो बसला तो उठेना. 'माझा आवडता सण : दिवाळे' असा निबंध लिहिणारा विद्यार्थी दर दोन-तीन वर्षांनी भेटायचाच. मी लाल शाईनं मात्रा खोडून वेलांटी काढून द्यायचो. पगार लांबलेल्या वर्षी मात्र हात थबकायचा, पोरगं बरोबर तर नाही ना लिहून गेलं? आणि खरी गंमत तर पुढेच आहे. नपुंसकलिंगी एकारान्त नामाचं अनेकवचन ईकारान्त होतं. केळे, केळी. रताळे, रताळी. तळे, तळी. त्याच नियमानं दिवाळे, दिवाळी! एकाचं निघालं तर दिवाळं, दहा जणांची निघाली तर दिवाळी. हे मी वर्गात कधी सांगितलं नाही. सातवीच्या पोरांच्या हाती असली शस्त्रं देऊ नयेत.

बरं, हे दिवाळं मराठीत 'येत' नाही, 'पडत' नाही, ते 'निघतं'. आपल्याकडे काय काय निघतं ते बघा. पालखी निघते, छबिना निघतो, वरात निघते, धिंड निघते. चार लोकांच्या देखत गावातून फिरून येतं ते निघतं. घरातल्या घरात निघतात ती फक्त उणीदुणी, आणि तीही शेजारी ऐकू जातील अशा बेतानं. दिवाळं वाजतंसुद्धा, म्हणजे बँडची सोय झाली. आणि ज्याचं ते निघालं त्याला आपण म्हणतो दिवाळखोर. हे 'खोर' फारसीतून आलेलं, खाणारा या अर्थाचं. लाचखोर लाच खातो, चुगलखोर चुगल्या खातो, नफेखोर नफा खातो. दिवाळखोर काय खातो? बिचाऱ्याच्या ताटात काही उरलेलंच नसतं, तरी भाषेनं त्याला खाणाऱ्यांच्या पंगतीत, तेही नफेखोराच्या शेजारी बसवलं आहे. शिवाय या 'खोर'ला सवयीचा वास आहे. भांडखोर एकदा भांडून थांबत नाही. माणूस आयुष्यात एकदा बुडाला, तर तो जणू रोज सकाळी उठून बुडतो, असा शिक्का या दोन अक्षरांनी बसतो.

शब्द आला कुठून? दिव्यावरून, असं म्हणतात. रॉबर्ट ड्रमंड नावाच्या साहेबानं गुजराती, मराठी आणि इंग्रजी या तीन भाषांच्या व्याकरणावर १८०८ साली एक पुस्तक काढलं. त्यात त्यानं इकडची रीत नोंदवून ठेवली आहे. व्यापारी बुडायला लागला की तो आपल्या घरात, दुकानात किंवा पेढीवर एक मोठा दिवा पेटवून ठेवी आणि स्वतः काही दिवस दिसेनासा होई. मग हिशेब उघडे होत, उरलंसुरलं देणेकऱ्यांत वाटलं जाई, त्यांचं समाधान झालं की गृहस्थ परत येई. 'हॉब्सन-जॉब्सन' या १८८६ च्या गाजलेल्या कोशानं हा मजकूर उचलला आणि या व्युत्पत्तीबद्दल मतभेद आहेत अशी पुस्तीही जोडली. कोशकारांना मतभेदांशिवाय जेवण जात नाही. मला मात्र ही व्युत्पत्ती खरी असावी असं फार वाटतं. उत्तरेकडचे महाजन तर म्हणे पेढीवरचं टाट, म्हणजे बसायचं तरट, उलटं करून ठेवत आणि भरदिवसा चौमुखी दिवा लावत. हिंदीत 'टाट उलटना' म्हणजे दिवाळं काढणं, ते यावरूनच.

इंग्रजीतला 'बँकरप्ट' हा शब्दही असाच एका बैठकीवरून आला. इटलीतले सराफ बाजारात बाकावर मांडामांड करून बसत. एखादा बुडाला की त्याचं ते बाक म्हणे मोडून टाकत, म्हणून 'बांका रोत्ता', मोडकं बाक. आता यातला फरक बघा. तिकडे बाक मोडलं. म्हणजे पुन्हा धंदा करायचा तर आधी सुताराला पैसे मोजा, आणि सुतार काही बुडालेल्याला उधार देत नाही. आमच्या महाजनानं तरट नुसतं उलटं केलं. दिवस पालटले की सुलटं करायला खर्च शून्य. बुडतानासुद्धा इतका पुढचा विचार करणारी जात जगात दुसरी नसेल.

पण मला खरं हलवतो तो दिवा. कल्पना करा, भर दुपारी बाजारपेठेत एका दुकानात दिवा जळतो आहे. काही बोलायची गरज नाही, पाटी नको, जाहीर नोटीस नको. येणारा-जाणारा बघतो आणि समजतो. आपण इतर वेळी संकट अंधाराशी जोडतो. इथे माणूस सगळं संपल्यावर उजेड करतो, या आणि बघा म्हणतो. (स्वतः मात्र तिथे थांबत नाही, हे त्यातलं शहाणपण.) "काय दिवे लावलेस!" असं आपण पोरांना रागानं म्हणतो ना, ते कदाचित याच बाजारातून आलं असेल असं मला उगाचच वाटत राहतं. याला कुठला कोश साक्षीला नाही. पण नापास झालेल्याला "उजेड पाडलास" म्हणणारी भाषा दिवाळ्याशी नातं ठेवून नसेल, हे कसं मानायचं?

दिव्याचं असं दिवाळं मी काही पाहिलं नाही. पाहिलं ते फळ्यांचं.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक किराणा दुकान होतं. मालकाचं नाव सांगत नाही, नातवंडं आहेत. सगळं गाव त्यांना शेठ म्हणायचं. दुकानाला शटर नव्हतं, लाकडी फळ्या होत्या. वरखाली खाचा, त्यांत एकेक फळी सरकवायची. प्रत्येक फळीवर खडूनं आकडा, कारण सातवी फळी आठवीच्या जागी बसायची नाही. सकाळी फळ्या निघत, रात्री लागत. रात्री शेठ नोकराला म्हणत, "चल, दुकान वाढव." आपल्याकडे दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. दिवा विझवत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटत नाही, वाढते. संपण्याला वाढणं म्हणणारी ही भाषा नवख्या माणसाला वेड लावील.

१९७२ साल आलं. मी दहा वर्षांचा होतो. आमचा कर्जत तालुका म्हणजे पावसाची आधीच मारामार, त्या वर्षी तर आभाळानं पाठच फिरवली. घरटी माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला, मातीच्या पाट्या वाहायला. शाळेत सुकडी, घरात मिलोच्या भाकरी, त्या थापताना आईच्या हातातच तुटायच्या. पगार होईल तेव्हा होई. मधल्या दिवसांत गावाची चूल शेठच्या खतावणीवर पेटायची. आजोबा मला बाटली देऊन पाठवायचे. मी जायचो आणि शिकवलेलं वाक्य म्हणायचो, "पावशेर गोडंतेल द्या आणि मांडून ठेवा." शेठ तेल मापायचे, मापाला लागलेला शेवटचा थेंबही बाटलीत झटकायचे आणि लाल कापडी बांधणीची ती लांबोडकी वही पुढे ओढायचे. तिच्यात रेघा आखलेल्या नसायच्या, कागदाला घड्या पाडून रकाने केलेले असायचे. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. आमच्या पानावर डावी बाजू अगदी स्वच्छ होती. इतकी स्वच्छता मी पुढे फक्त स्वतःच्या पासबुकात पाहिली.

व्यवहारात या 'निघणे'चा आणखी एक अर्थ आहे. "तुझ्याकडे माझे पन्नास रुपये निघतात" असं आपण म्हणतो. शेठचे आमच्याकडे सदतीस रुपये चाळीस पैसे निघत होते. शेजाऱ्याकडे साठ. वरच्या आळीत कोणाकडे शंभर. सगळ्या गावाकडे शेठचे पैसे नुसते निघत होते, कोणाकडून येत नव्हते. असं दोन वर्षं निघून निघून शेवटी त्यांचं स्वतःचंच निघालं.

त्या साली दिवाळी झाली आणि भाऊबीजेनंतर फळ्या काढल्याच नाहीत. आजोबा ओट्यावर बसून म्हणाले, "शेठनं दुकान वाढवलं." मला आनंद झाला. वाढवलं म्हणजे मोठं केलं, आता गोळ्यांची बरणीही मोठी येणार! दोन-तीन दिवस मी शाळेतून येताना फळ्यांच्या फटीतून आत डोकावून बघत होतो, की वाढवलेलं दुकान दिसतं का. आत काटा दिसला, पारडी काढून ठेवलेला. गावात कोणी दिवाळं हा शब्द तोंडातून काढला नाही. शेठ जरा मुलाकडे गेलेत, शेठचं जरा मागंपुढं झालंय, शेठ आता आराम करणार आहेत. ज्यांच्याकडे शेठचे पैसे निघत होते त्यांनी दिवाळं हा शब्द काढायचा कसा? तो काढला की आपलाही आकडा काढावा लागतो.

चार वर्षांनी एक साल बऱ्यापैकी पिकलं. आजोबांनी ज्वारी घातली आणि पैसे घेऊन मला बरोबर नेलं. शेठ तोवर दुसऱ्याच्या आडतीवर हिशेब लिहायला बसत होते. ते आम्हाला घरी घेऊन गेले, ट्रंक उघडली, खतावणी काढली. पान बरोबर सापडलं. स्वच्छ डाव्या बाजूला त्यांनी सदतीस रुपये लिहिले, खाली चाळीस पैसे 'वटाव' म्हणून सोडले आणि खातं पुरं केलं. बुडालेला व्यापारी गिऱ्हाइकाला सूट देताना मी पहिल्यांदा पाहिला, अजून तरी शेवटचाच. मग त्यांनी मला गूळ-शेंगदाणे दिले. ते मांडून ठेवले नसावेत.

शेठचं उदाहरण मी एवढ्यासाठी सांगितलं की दिवाळं हा शब्द वाटतो तसा सर्वांसाठी खुला नाही. त्यालाही पायरी आहे. दिवाळं काढायचं तर आधी पत लागते, आणि ज्याला कोणी उधारच देत नाही त्याचं दिवाळं निघणार कसं? म्हणून ज्याच्या-त्याच्या ऐपतीप्रमाणे बुडण्याचे शब्द वेगळे. सरकारच्या तिजोरीत 'खडखडाट' होतो. साखर कारखाना 'आजारी' पडतो, पण संचालक मंडळाची तब्येत ठणठणीत असते. कंपनी 'नादार' ठरते. बँकेवर 'निर्बंध' येतात. शेतकरी 'थकबाकीदार' असतो, जणू पैसे नाहीत, तोच थकला आहे. पोरांचा पत्त्यांचा डाव 'भिकार-सावकार', त्यात हरणारा भिकार होऊन खो-खो हसतो, एवढाच काय तो निर्मळ दिवाळखोर. आणि खडी फोडणाऱ्या बाईला कुठलाच शब्द नाही. ती बुडाली तर पाण्यावर तरंगही उठत नाही.

पाण्यावरून आठवलं. आमच्या तालुक्यात सीना नदी आहे, तिच्यावर निमगाव गांगर्ड्याला धरण आहे, तरी उन्हाळ्यात गावोगाव टँकरची वाट बघतात. पोहायला येणारी पोरं हाताच्या बोटांवर मोजावीत. पण बोलण्यात सतत 'बुडणं'. पैसे बुडाले, पीक बुडालं, सोसायटी बुडाली, बुडीत खातं. जिथे पाय भिजायला पाणी नाही तिथली माणसं इतकी बुडतात कशात, हा भूगोलाच्या शिक्षकांनी बघायचा प्रश्न आहे. धंदा मात्र कधी 'बसतो' आणि माणूस बसला की 'उठतो'. गावातून उठतो.

'नादार' या शब्दाची एक आठवण आहे. फारसीत ज्याच्याकडे काही नाही तो नादार. जुन्या शाळांत गरीब मुलाला फीमाफी मिळे, तिला नादारी म्हणत. 'नादार विद्यार्थी' हा शब्द आमच्या आधीच्या पिढीनं लाजत नव्हे, तर थोडा मिरवत वापरला, कारण नादारी मिळवायला परीक्षेत बरे गुणही लागत. आज २०१६ च्या कायद्याचं मराठी नाव 'नादारी आणि दिवाळखोरी संहिता' आहे. हजारो कोटींचा कारखानदार आणि पाटीवर लिहिणारं पोर एकाच शब्दाखाली आले. फरक इतकाच की पोराला फी माफ झाली तर बापाला हेडमास्तरांच्या पाया पडावं लागे. कंपनीला कर्ज माफ झालं तर त्याला 'हेअरकट' म्हणतात. बँकेनं सोडून दिलेल्या पैशाला साहेबी भाषेत केस कापणं! अहो, मराठीत बिनपाण्याची हजामत हा शब्द कधीपासून तयार आहे. आमच्या तालुक्यात तर पाण्याअभावी दुसरी शक्यही नाही.

ही संहिता कंपन्यांच्या कामाची. साध्या माणसासाठी तिच्यात जो भाग आहे तो, कंपन्यांना जामीन राहिलेल्यांचा अपवाद सोडता, अजून लागू व्हायचा आहे. म्हणजे मिरजगावच्या माणसाला रीतसर दिवाळं काढायचं झालं तर १९२० चा प्रांतिक नादारी कायदा. मुंबईकराला १९०९ चा वेगळा. बुडण्यातसुद्धा मुंबई आपल्यापुढे अकरा वर्षं! या १९२० च्या कायद्यात कर्जदारानं स्वतः अर्ज करायचा तर एक अट अशी की देणं निदान पाचशे रुपये हवं. शंभर वर्षं आकडा तोच राहिला आहे. पाचशे रुपयांत आज मोटारसायकलची टाकी भरत नाही. त्या हिशेबानं आमच्या चौकात सकाळी चहाला जमणारी सगळी मंडळी अर्ज करायला पात्र आहेत, फक्त नगरला जाण्यायेण्याचं एसटीचं भाडं परवडत नाही म्हणून अडलं आहे.

कायदे वाचून करमणूक होते असं कोणी म्हणणार नाही, पण १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचं साठावं कलम मी दोन-तीनदा वाचलं आहे. जप्तीत काय नेता येणार नाही याची ती यादी. अंगावरचे लागणारे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण. कारागिराची हत्यारं. शेतकऱ्याची अवजारं, बैल, बियाणं. आणि धर्माच्या रीतीप्रमाणे बाईला अंगावरून उतरवता येत नाहीत असे दागिने. मंगळसूत्र हा शब्द कायद्यात नाही, पण काळे मणी दिसतात. वाचताना वाटतं, हे लिहिणारा कारकून जप्तीला कधीतरी स्वतः गेला असावा आणि दारात उभ्या बाईकडे बघून परत आला असावा.

तो कायदा असा मऊ होण्याआधी एक मोठी जळाजळ झाली होती. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी चालली, तिकडचा कापूस अडला आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत त्या पैशावर शेअरचं वेड उठलं, बॅकबेच्या भरावाचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. युद्ध संपलं, कापूस कोसळला आणि १ जुलै १८६५ हा वायद्यांच्या हिशेबाचा दिवस उजाडला. मघाचं अनेकवचन आठवा. त्या आषाढात मुंबईत दिवाळी निघाली! प्रेमचंद रायचंद, ज्यांच्या आईच्या नावानं राजाबाई टॉवर उभा आहे, तेही त्यात बुडाले आणि पुढे पुन्हा उभे राहिले. तरट उलटलं होतं, बाक मोडलं नव्हतं.

त्याच कापसाची दुसरी बाजू आमच्या अंगणात. भाव पडले, सारा चढला, कर्ज वाढलं. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे आणि वह्या बाहेर काढून पेटवल्या. ते लोण नगर जिल्ह्यात पारनेर, श्रीगोंदा करत कर्जत तालुक्यापर्यंत आलं. बहुतेक ठिकाणी माणसाला हात लावला नाही, कागदाला लावला. दिवाळं काढताना सावकार दिवा लावत असेल, इथे कुळांनी त्याच्या खतावणीचाच दिवा केला. १८७९ साली सरकारनं दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आणला आणि कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं थांबलं. पुढची दीडशे वर्षं त्याला बाहेरच ठेवलं आहे.

कारण त्याचं दिवाळं आता इतकं सभ्यपणे निघतं की दिसतही नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं सोलापूरच्या बाजार समितीत ५१२ किलो कांदा नेला. पट्टी हातात आली. भाडं, हमाली, तोलाई वजा जाता राहिले दोन रुपये. त्याला दोन रुपयांचा धनादेश मिळाला, तोही पुढच्या तारखेचा. त्या दिवशी आमच्या पारावर एक जण पेपर वाचून दाखवत होता. कोणी हळहळलं नाही. एक म्हातारे गृहस्थ एवढंच म्हणाले, "म्हंजी हातात तरी आले की." त्यांच्या स्वतःच्या पट्टीत मागच्या साली पदरचे भरावे लागले होते. शेतकरी कधी दिवाळं निघालं म्हणत नाही. "आवंदा गेलो बाराच्या भावात" म्हणतो, तंबाखू मळतो आणि पुढच्या वर्षीचं रोप टाकतो. टाट उलटं करायला आधी टाटावर बसलेलं असावं लागतं. हा बांधावर बसलेला.

बँकांची भाषा त्या मानानं फार श्रीमंत. आमच्या नगरची अर्बन बँक १९१० ची, तिचा परवाना रिझर्व्ह बँकेनं ४ ऑक्टोबर २०२३ ला रद्द केला. पुण्याच्या रुपी बँकेचा त्याच्या आदल्या वर्षी. अशी बँक मग 'अवसायनात' जाते, तिच्यावर 'अवसायक' येतो. सुशिक्षित माणसालाही हा शब्द दोनदा वाचावा लागतो, आणि गावात तो 'अवसान' असा ऐकू येतो. "बँक अवसानात गेली म्हणं." ठेवीदाराचं अवसान गळालेलं असतं, तेव्हा शब्द अगदीच चुकीच्या जागी पडलेला नाही. आता पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा आहे. त्याचं मूळही एका दिवाळ्यात. १९६० साली केरळातली पलाई सेंट्रल आणि आपल्या अकोल्याची एक बँक बुडाली, आणि त्यानंतर १९६२ पासून ठेवींचा विमा सुरू झाला, दीड हजार रुपयांपर्यंत. त्या अकोल्याच्या बँकेचं नाव लक्ष्मी बँक होतं. दिवा लावून तिला बोलवावं, तर ती त्याच उजेडात निघून जाते.

या सगळ्यातून दिवाळं या शब्दाला मात्र बरे दिवस आले. पैशाचं दिवाळं म्हणायला लोक कचरतात, पण बुद्धीचं, नीतीचं, विचारांचं दिवाळं खुशाल काढतात. पेपर उघडावा तर एका पक्षाच्या पुढाऱ्याला दुसऱ्याची 'वैचारिक दिवाळखोरी' रोज दिसत असते. इथे पुन्हा तोच नियम, दिवाळं काढायला आधी भांडवल लागतं. पण हे तपासायला कोणी खतावणी मागत नाही.

या दिवाळीला तो टेम्पो आला नाही. एक बाजार गेला, दुसरा गेला. कर्णा नाही म्हणून बाजार मुका वाटायला लागला. निळ्या चौकड्यांचा शर्ट कॉलरला विरला होता, दुसरा घ्यायचा होता. चौकशी केली तर कोणी म्हणालं सोलापूरकडे गेला, कोणी म्हणालं धंदा बदलला.

परवा कामानिमित्त माहीजळगावच्या बाजूला गेलो होतो. रस्त्याकडेला वडापावचा एक गाडा दिसला. तळणाऱ्याच्या पाठीवरून ओळखलं नाही, पण गाड्याखाली तो कर्णा होता. तोंड वर करून ठेवलेला, आणि त्यात कांदे.

"का रे, तू इकडं? आणि टेम्पो?"

"दिला, सर."

"विकलास?"

"न्हाई. फायनान्सवाल्यांनी नेला." त्यानं झाऱ्यानं वडे परतले. "जरा थांबलोय. बघू."

"म्हणजे कंपनीचं दिवाळं..."

"ते वेगळं, सर," तो हसला. "ते रेकॉर्डिंग होतं."

वडा चांगला होता, लसूण जरा पुढे. मी शंभराची नोट काढली. त्यानं गल्ल्याचा डबा हलवून बघितला, आत दोन-तीन नाणी वाजली. सुटे नव्हते. "जाऊ द्या सर, मांडून ठेवतो, पुढच्या वेळी द्या," म्हणाला, आणि काउंटरवरच्या वहीत खरंच माझं नाव लिहायला लागला. मी नोट तशीच हातात धरून उभा राहिलो. डोक्यावर ऊन रणरणत होतं, रस्त्यावर बारा वाजताचा तो पांढरा उजेड. गाड्याच्या कडेला तारेनं बांधलेला बल्ब मात्र पेटलेला.

"अरे, दिवा चालू राहिलाय तुझा."

त्यानं वर न बघता पान उलटलं. "बटन गेलंय, सर. बंदच होत न्हाई."